अशुभ बोलायची जागा

मी स्वयंसेवक आहे त्या भावनिक आधाराच्या हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवतात. समोरच्याचा चेहरा दिसू नये, नुसता आवाज ऐकू यावा म्हणून. प्रशिक्षक निवृत्त गृहस्थ होऊन म्हणतात, "घरात आता माझी कुणाला गरज नाही." नव्या स्वयंसेवकाच्या तोंडून हमखास निघतं, "असं कसं म्हणता काका? मुलं आहेत, नातवंडं आहेत!" पलीकडून फक्त "हं." बोलणं तिथंच संपतं. मग पुन्हा पहिल्यापासून. "कधीपासून वाटतंय असं?" एवढं विचारलं, की काका बोलू लागतात. मुलानं बँकेचं पासबुक स्वतःकडे घेतलं, तिथपासून सगळं.

हा प्रसंग सरावातला, कारण फोनवरचं काहीही बाहेर सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

सगळ्यांत अवघड जातो तो एक प्रश्न. "आता नको वाटतं सगळं" असं कुणी म्हणालं, की आम्ही सरळ विचारतो, "आत्महत्येचे विचार येतात का?" येत असतील तर पुढचंही विचारायचं: कसं करायचं ते ठरवलंय का, तसं काही हाताशी आहे का, घरात सोबत कुणी आहे का. असेल ती वस्तू दुसऱ्या कुणाकडे देता येईल का, आज रात्री कुणाला बोलावता येईल, हे मग दोघं मिळून पाहतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे; जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण आपल्या घरात मरणाचं नाव निघालं, की "शुभ बोल रे" म्हणून तोंड बंद करतात. ज्याला ते बोलायचंय, त्यानं जायचं कुठं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक. देशभरातल्या कारणांमध्ये कौटुंबिक समस्या सर्वांत वर होत्या. म्हणजे जिथं बोलायला हवं, तिथंच बोलता येत नाही.

कधी कधी फोनवर कुणी बोलतच नाही. पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतली मालिका, कुकरची शिट्टी. आपण अधूनमधून "मी आहे फोनवर, सावकाश बोला" एवढंच म्हणायचं. ही शांतता भरून काढण्याचा मोह आवरणं मला सल्ला न देण्याहूनही कठीण वाटतं.

१९५३ साली लंडनमध्ये चॅड वराह या धर्मगुरूंनी अशा कामाला सुरुवात केली. त्यांना भेटायला ताटकळत बसलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याशी बोलत. त्यातल्या अनेकांना नंतर वराह यांना भेटायची गरजच उरत नसे. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं.

अर्थात आम्ही डॉक्टर नाही. आजार ऐकण्यानं बरा होत नाही, कर्ज फिटत नाही. उपचार लागतील असं वाटलं, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक देतो. तो चोवीस तास, मराठीतही चालतो.

पाळी संपली, की ज्येष्ठ सहकारी विचारतात, "तू कशी आहेस?" आणि खरं उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत. फोन ठेवल्यावर त्या माणसाचं पुढं काय झालं, हे बहुतेक वेळा कळत नाही, आणि ते घेऊन घरी जायचं असतं. या कामाला पदवी लागत नाही. ठरल्या वेळी येऊन बसणारी माणसं हवीत, विशेषतः रात्री.