टॅब कपाटावर ठेवू नका

माझा मुलगा स्वमग्न आहे. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. घरच्या अभ्यासासाठी आम्ही टॅब आणला. पण पडद्यावरच्या बाईंकडे तो पाहीचना. त्याला हवे होते एकच गाणे, पुन्हा पुन्हा. शेवटी मी चिडून टॅब कपाटावर ठेवून दिला.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. या मुलांना संवाद साधणे, समोरच्याचे भाव ओळखणे अवघड जाते. ठरलेला क्रम बदलला की ती अस्वस्थ होतात. काहींना बोलता येत नाही. पण बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे.

अशा पुष्कळ मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर समजते. शब्द कानावरून निघून जातो, चित्र समोर थांबते. 1985 साली अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी यावर एक पद्धत बसवली. मुलाने हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हाती द्यायचे, की ती वस्तू त्याला मिळते. आता चित्रे टॅबवर आली आहेत. चित्राला बोट लावले की यंत्र तो शब्द उच्चारते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे असेच ॲप मोफत मिळते आणि ते मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ही याच जातीचे.

‘यंत्र बोलू लागले तर मूल बोलायचे राहील,’ ही भीती मलाही होती. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात चित्रे किंवा खुणा वापरणाऱ्या 27 जणांची माहिती तपासली होती. त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते, उलट बहुतेकांचे थोडेफार वाढले होते.

आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंना कपाटाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “बोलणाऱ्या मुलाची वाचा तुम्ही शिक्षा म्हणून काढून घ्याल का?”

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. टॅबवर फक्त बोलण्याचे ॲप ठेवले. पडदा एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची सोय बहुतेक टॅबमध्ये असते. गाणी जुन्या फोनवर गेली. सुरुवातीला दोनच चित्रे घेतली, पाणी आणि झोका. आम्हीही बोलताना चित्रांना बोट लावू लागलो, कारण घरात कोणी न बोललेली भाषा मूल कसे शिकणार? अभ्यासासाठी भिंतीवर कागदाची पट्टी लावली : आधी अंक, नंतर झोका. पुढे काय होणार हे दिसू लागल्यावर तो दहा मिनिटे बसू लागला. वीज गेली तर अडायला नको, म्हणून तीच चित्रे पुठ्ठ्यावरही चिकटवली.

वर्षभराने एका रात्री तो कानावर हात मारीत रडू लागला. पूर्वी आम्ही याला हट्टच म्हटले असते. त्याने टॅब ओढला आणि ‘दुखतंय’वर बोट लावले, मग ‘कान’वर. सकाळी डॉक्टरांनी पाहिले, कानात पू झाला होता.

त्याआधी त्याचा कान किती वेळा दुखला असेल, मला ठाऊक नाही. आता कितीही राग आला तरी टॅब कपाटावर जात नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)