पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही? घड्याळ बघा!

नांदेड-लातूरकडच्या ऑफिसवाल्यांनो, लाइट जाऊन आल्यावर एखादा पीसी डोमेनमध्ये घेतच नसेल, तर पासवर्ड रीसेट करायची घाई नको. आधी तारीख-वेळ बघा.

विंडोज डोमेनमध्ये ओळख पटवतं कर्बेरॉस. पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळांत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंतचाच फरक त्याला चालतो. चोरलेली विनंती कुणी नंतर पुन्हा वापरू नये म्हणून ही शिस्त.

जुन्या पीसीत बहुधा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. वीज तुटली की तारीख थेट काही वर्षं मागे! सेल बदला, स्वस्तातलं काम आहे.

खरा फसवा प्रकार वेगळाच. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं, पण टाइमझोन पॅसिफिक! कर्बेरॉस यूटीसी बघतं, म्हणजे आतून फरक साडेबारा-साडेतेरा तासांचा. झोन यूटीसी +५:३० हवा.

प्रत्येक पीसीला इंटरनेटची वेळ लावत बसू नका. ते डोमेन कंट्रोलरकडूनच वेळ घेतात. मुख्य कंट्रोलर तेवढा एनआयसी किंवा दिल्लीच्या एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जोडा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांतही हेच स्रोत आहेत. आणि हो, फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३ उघडा आहे ना, तेही तपासा.