औषध चालू असूनही आजार पुन्हा का वाढतो? : प्रोस्टेटचा कर्करोग आणि जनुकांचे काम

आमच्या बँकेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत आले होते. प्रकृती बरीच खालावलेली दिसली. बाजूला बसवून विचारपूस केली, तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे समजले. दोन वर्षे इंजेक्शने चालू होती. रक्तातील पीएसए अगदी खाली आला होता, तो आता पुन्हा चढू लागला होता. ते म्हणाले, "एकही इंजेक्शन चुकवले नाही. तरी घरची मंडळी म्हणतात, काहीतरी पथ्य मोडले असेल. माझे चुकले कुठे? तू वाचणारा माणूस आहेस, तूच सांग."

मी कला शाखेचा पदवीधर. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचून आणि जाणकारांना विचारून जे उमगले, ते सभासद बंधु-भगिनी व विद्यार्थी यांच्यासमोर मांडत आहे. हा वैद्यकीय सल्ला नव्हे, हे प्रथमच नमूद करतो.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्यामधूनच जाते. या ग्रंथीची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर, म्हणजेच हार्मोनवर अवलंबून असते. शिकागो विद्यापीठातील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवून दिले की, हे संप्रेरक कमी केले तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. या कार्याबद्दल त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजची इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात. परंतु पसरलेला आजार बहुधा काही काळ दबून पुन्हा डोके वर काढतो. असे का व्हावे, हाच आमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर जनुकांच्या कामात आहे. आमच्या बँकेचे नियमपुस्तक प्रत्येक शाखेत सारखेच असते. पण खेड्यातील शाखेत पीककर्जाची पाने रोज उघडतात, तर बाजारपेठेतील शाखेत व्यापारी कर्जाची. शरीराचेही तसेच आहे. माणसाच्या बहुतेक प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करण्याची सूचना देणारी सुमारे 20,000 जनुके असतात. त्यातील ज्या जनुकाची गरज असेल त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघतात, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात काही नियम बदलतात हे खरे, पण कोणती पाने उघडी राहतात आणि कोणती मिटली जातात, हेही तितकेच बदलते.

पूर्वी एकेक जनुक तपासावे लागे. 1995 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी काचेच्या पट्टीवर अनेक जनुकांचे ठिपके बसवून त्या सर्वांच्या नकला एकाच वेळी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 2001 साली मिशिगन विद्यापीठाच्या गटाने निरोगी प्रोस्टेट, साधी वाढ, ग्रंथीतील कर्करोग आणि पसरलेला कर्करोग यांची अशीच तुलना केली. प्रत्येक टप्प्याचा नमुना वेगळा दिसला. याच गटाने 2002 साली दाखविले की, ईझेडएच2 या जनुकाच्या नकला पसरलेल्या कर्करोगात फार वाढलेल्या असतात. हे जनुक इतर जनुकांना गप्प बसवते.

2005 साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. अनेक रुग्णांत दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली गेलेली होती. पहिल्याचे बटण पुरुषी संप्रेरकाने चालू होते, आणि तेच बटण आता वाढीशी संबंधित असलेल्या ईआरजी या दुसऱ्या जनुकाला लागले होते. एका खात्याची स्थायी सूचना चुकून दुसऱ्या खात्याला जोडली जावी, तसाच हा प्रकार!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संप्रेरक एकटे काम करीत नाही. पेशीतील 'ग्राही' नावाचे प्रथिन त्याला पकडते आणि जनुकांना चालना देते. पीएसएचे जनुकही त्यातलेच एक. 2004 साली डॉ. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांत वाढविलेल्या मानवी गाठींच्या 7 जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एक गाठ उपचाराला दाद देणारी, तर दुसरी न देणारी होती. हजारो जनुकांपैकी एकच बदल सर्व जोड्यांत सापडला : ग्राहीच्या नकला वाढल्या होत्या. आवाज क्षीण झाला म्हणून ऐकणाऱ्याने कान अधिक टवकारावेत, तसे पेशीने केले होते. संप्रेरक अत्यल्प असतानाही तिला निरोप पोहोचत होता.

हे कळल्यामुळेच ग्राहीला अधिक घट्ट रोखणारे एन्झाल्युटामाइड हे औषध निघाले. अमेरिकेत त्याला 2012 साली मान्यता मिळाली. गाठीतही होणारी संप्रेरकनिर्मिती थांबविणारे अबिराटेरोन त्याआधी 2011 साली आले. अर्थात कर्करोगही स्वस्थ बसत नाही. काही रुग्णांत ग्राहीची अशी आखूड आवृत्ती तयार होते की, संप्रेरक पकडण्याचा भागच तिच्यात नसतो. काहींत पेशी आपले रूप पालटतात. मग पीएसए कमी असूनही आजार वाढतो. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबू नये.

या ज्ञानाचा उपयोग आजाराच्या सुरुवातीलाही होतो. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग अतिशय सावकाश वाढतात. त्यांना लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित तपासणीखाली ठेवता येते. गाठीचा तुकडा घेऊन 17 जनुकांच्या नकला मोजणारी एक चाचणी आहे. त्यातील 5 जनुके केवळ तुलनेसाठी असतात. गाठ आक्रमक आहे की संथ, याचा अंदाज बांधण्यास ती मदत करते. निर्णय मात्र डॉक्टर व रुग्ण यांनी मिळूनच घ्यायचा असतो.

पुढच्या भेटीत मी सहकाऱ्यांना हे सारे कागदावर आकृती काढून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझे काही चुकले नव्हते तर." पुढच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलण्यासाठी ते मुलाला घेऊन गेले.

आपल्याकडे वडीलधारी माणसे लघवीची तक्रार संकोचाने लपवितात. धार मंद होणे, रात्री वारंवार उठावे लागणे हे बहुधा साध्या वाढीमुळेही होते. साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग असला तरीही पीएसए वाढतो. म्हणून घाबरू नये, पण लपवूही नये. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पन्नाशीपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून एवढे समजावून सांगितले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.