न उघडणारे तोंड

तोंडाचे आजार म्हटले की दाढदुखी, हिरड्यांतून रक्त येणे, फार तर तोंड येणे एवढेच आपल्याला आठवते. पण जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आलेली बातमी वाचून साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. बुलढाणा जिल्ह्यातील १७ वर्षांच्या एका मुलाचा जबडा दीड वर्ष सुजलेला होता. दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे यांनी गाठ उघडली, तेव्हा आतून लहान लहान मोत्यांसारखे दात निघू लागले. शस्त्रक्रिया जवळजवळ सात तास चालली, गाठ फोडण्यासाठी छिन्नी-हातोडी घ्यावी लागली आणि मोजदाद झाली २३२ दातांची! या गाठीला ओडोन्टोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते. गाठ गेली आणि मुलाची पीडा संपली.

वाचकहो, इतका नवलाचा रोग एका दिवसात काढून टाकता आला. आता दुसरा एक आजार पाहा. त्याचे छायाचित्र कोणी वर्तमानपत्रात छापत नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. माणसाचे तोंड उघडेनासे होते, एवढेच.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्यांनी या आजाराचे वर्णन केले. त्यांना तो भारतात आढळला नव्हता. पूर्व आफ्रिकेत केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो दिसला होता. समुद्र ओलांडून गेलेल्या आपल्यासारख्याच घरांतल्या त्या बायका. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साचतात, अस्तर पांढरट आणि ताठ होते, जबडा जखडतो. पाश्चात्त्य देशांतील दंतवैद्याला असा रोगी क्वचितच भेटतो. आपल्या लोकांत मात्र तो विरळा नाही.

बरीच वर्षे दोष मिरचीवर ढकलला गेला. कारणही तसेच होते. या रोग्याची पहिली तक्रार तिखट सोसत नाही हीच असते. पुढे मूळ सापडले ते सुपारीत. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवते आणि तिच्यातील तांबे ते तंतू अधिक घट्ट विणते. तंबाखू नसली तरी हे घडते. पुष्कळांचा समज असा की तंबाखू सोडून नुसती सुगंधी सुपारी खाल्ली म्हणजे आपण सुटलो! आयाही लेकरांच्या हातावर गोड सुपारी ठेवतात. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, मूर्ती, भोसले आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील अशा ६६ रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष छापला: १७ वर्षांच्या काळात पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या आणि विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडे मिटू लागली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. कतारनेही २०१६ च्या कायद्याने चघळायच्या तंबाखूला मनाई केली. दोह्याच्या अल मन्सूरा भागात भारत, नेपाळ, बांगलादेश येथून पोटासाठी आलेली माणसे दाटीने राहतात. घर सोडण्यापूर्वी जो दहा वर्षे सुपारी चघळत होता, त्याच्या गालातले तंतू विमानात त्याच्याबरोबरच बसतात. चघळणे थांबले तरी साचलेले तंतू विरत नाहीत. तो आधी मिरची सोडतो, मग भाकरी-पोळी सोडून दहीभातावर येतो, आणि रजा बुडेल या भीतीने डॉक्टरकडे जातच नाही. दुखत नाही म्हणजे रोग नाही, ही आपल्या माणसांची जुनी खोड.

उपचार नाहीत असे नव्हे. सुपारी पूर्ण बंद करणे हा पहिला. गालात इंजेक्शने देतात, तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करून घेतात, फारच जखडले असेल तर शस्त्रक्रिया करतात. तोंड थोडे मोकळे होते, पण पूर्वीसारखे क्वचितच, आणि कर्करोगाची भीती राहतेच. म्हणून आयुष्यभर तपासणी करावी लागते.

आपल्या बेटावर सुपारी गणपती म्हणून तांदळावर बसते, लग्न ठरताना फुटते, विड्यात जाते. पूजेची सुपारी पूजेत राहू द्यावी, तिला कोणी नावे ठेवत नाही. मात्र घरात चघळणारे कोणी असेल तर एक साधी परीक्षा करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन शिरली तर तोंड पुरेसे उघडते. दोनच शिरत असतील, किंवा गालाच्या आत बोट फिरवताना दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागत असतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे. ज्यांचे मुलगे-भाचे कतारला नोकरीस आहेत त्यांनी हे फोनवरून जरूर विचारावे. अल मन्सूरा हे तिथल्या मेट्रोच्या हिरव्या मार्गाचे टोकाचे स्थानक आहे आणि तिथून चौथे स्थानक हमद रुग्णालयाचे.