हाक ४०६ मेगाहर्ट्‌झवरची

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. गोव्यात बांधलेल्या या शिडाच्या बोटीतून कमांडर अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकटेच जगप्रदक्षिणेला निघाले होते. पाठीला इतका जबर मार बसला की उठताही येईना. पर्थ १,९०० सागरी मैलांवर होतं. त्यांनी ‘ईपर्ब’ हा आणीबाणीचा बीकन सुरू केला. मॉरिशसहून उडालेल्या भारतीय नौदलाच्या विमानाने बोट हेरली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

ईपर्ब दर ५० सेकंदांनी ४०६ मेगाहर्ट्‌झवर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, अवघ्या ५ वॉटचा संदेश पाठवतो. तेवढा पुरतो, कारण तो थेट आकाशात ‘कॉस्पास-सारसॅट’ यंत्रणेचे उपग्रह टिपतात. यातला पहिला उपग्रह १९८२ मध्ये सुटला. गाडी जवळ येताना तिची शिट्टी चढी ऐकू येते, दूर जाताना उतरती. धावत्या उपग्रहाला बीकनची कंप्रता तशीच बदलती दिसते. त्या बदलावरून जागा काही किलोमीटरच्या आत निघते. बीकनमध्ये जीपीएस असेल तर शंभरेक मीटरच्या आत.

जागा कळली, पण बोट कोणाची? संदेशात बीकनचा स्वतःचा क्रमांक असतो. नोंदणी केलेली असेल तर त्यावरून बोटीचं वर्णन आणि घरच्यांचा फोन लगेच सापडतो. आपल्याकडे ही नोंद बंगळूरुच्या इस्रो केंद्रात होते. ४०६ वरचे बहुतेक इशारे चुकून सुटलेले असतात, म्हणून शोधपथक आधी घरी फोन लावतं. ‘हो, ते समुद्रातच आहेत,’ एवढ्या उत्तराने कित्येक तास वाचतात. जुनी बोट विकत घेऊन बीकन आधीच्या मालकाच्याच नावावर ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

बॅटरी किमान ४८ तास चालावी असा नियम आहे. टॉमींची सुटका व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. म्हणून मजकूर पाठवणारं उपग्रह यंत्रही सोबत हवं. शिवाय बोटीचा बीकन बोटीपाशी राहतो. लाटेने फेकलेला माणूस काही मिनिटांत दिसेनासा होतो. त्याच्यासाठी लाईफ जॅकेटला अडकवायचा छोटा वैयक्तिक बीकन मिळतो. तो केबिनच्या कपाटात ठेवू नये.