रोजी थांबली तर? विमा कोणाला विचारून घ्यावा?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक भाई एसी दुरुस्तीचे काम करतात. गेल्या वर्षी काम करून उतरताना शिडी घसरली आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. मेडिक्लेम होता, त्यामुळे हॉस्पिटलचे बहुतेक बिल भागले. अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचला, असे म्हणून सगळे घरी आले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

डॉक्टरांनी बजावले होते, "पाच महिने शिडीवर चढायचे नाही." घरात भाभी, तीन मुले आणि म्हातारी अम्मी. रोजची कमाई बंद. दुसऱ्या महिन्यात दूध निम्मे झाले, तिसऱ्या महिन्यात थोरल्या मुलीच्या क्लासची फी थकली, चौथ्या महिन्यात भाभींच्या हातातल्या बांगड्या गेल्या. त्याच महिन्यात भाईंना आठवले की आपण बँकेतून अपघात विमाही घेतला आहे. "अपघात झाला तर दहा लाख," असे काउंटरवर सांगितले गेले होते. कागद काढून आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. पॉलिसी फक्त मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी होती. हाड जुळणार होते, म्हणून मिळणार काहीच नव्हते.

हे ऐकून भाईंचे मेहुणे म्हणाले, "म्हणून तर मी मध्ये कोणाला घेतलेच नाही. मोबाईलवर स्वतःच पॉलिसी काढली." त्यांच्या पॉलिसीत काम बंद असेल त्या आठवड्यांचे पैसे खरोखरच होते. पण ते स्वतः टेम्पो चालवतात आणि अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'व्यापार' निवडले होते. टेम्पो आपल्या मालकीचा, म्हणजे धंदाच की, असा त्यांचा सरळ विचार. काही महिन्यांनी त्यांचे मनगट मोडले, तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर 'ड्रायव्हर' लिहिले गेले आणि दावा अडकला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर कमी रक्कम हाती आली.

एकाने दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतला, दुसऱ्याने स्वतः घेतला. फसले दोघेही. तेव्हापासून 'सल्लागार घ्यावा की घेऊ नये' या प्रश्नाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. या व्यवहारात तीन कामे असतात: आपली गरज ठरवणे, अर्जात खरे लिहिणे आणि वेळ आल्यावर दावा मिळवणे. पहिली दोन कामे आपली आपणच करावी लागतात. माणूस शोधायचा तो मुख्यतः तिसऱ्यासाठी.

आधी घराचा हिशोब

कोणालाही फोन करण्यापूर्वी नवरा-बायकोने एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. कमाई किती हा पहिला प्रश्न नाही. कमाई थांबली तरी कोणते खर्च थांबणार नाहीत, हा आहे. भाडे, रेशन, गॅस, वीज, मुलांची फी, आई-वडिलांची औषधे, घेतलेल्या कर्जाचा हप्ता. समजा महिन्याला २४,००० रुपये येतात आणि न थांबणारा खर्च १८,००० आहे. मग पाच महिन्यांची गरज ९०,००० रुपयांची झाली.

आता त्यातून आपल्याकडे असलेले वजा करा. बाजूला ठेवलेली रक्कम किती? भिशी कधी लागणार? घरात दुसरे कोणी कमावते का? आमच्या मते तीन महिन्यांचा खर्च हाताशी असणे हे कोणत्याही पॉलिसीच्या आधीचे काम आहे, कारण विम्याचा पैसा कागदपत्रे पूर्ण झाल्यावर येतो आणि दूधवाला महिन्याच्या एक तारखेला येतो.

नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जातात का? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांतील कामगारांना हे संरक्षण असते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के भरले जातात. आवश्यक वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर दुखापत होऊन तात्पुरते काम बंद पडले तर ९० टक्क्यांच्या दराने भत्ता मिळतो. कित्येक घरांत हे कार्ड कपाटात पडून असते आणि त्यावर डॉक्टरशिवाय दुसरेही काही मिळते हे कोणाला ठाऊक नसते.

कोणता विमा कशाचे पैसे देतो

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आजारपणामुळे काम सुटले तर दरमहा पगारासारखी रक्कम देणारा विमा मिळतो. आपल्याकडे सामान्य माणसाला तसा एकच विमा सहजासहजी मिळत नाही. तुकडे जोडावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याची मर्यादा माहीत असावी लागते.

मुदतीचा जीवन विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, कमावता माणूस गेल्यावर पैसे देते. तो अंथरुणावर असेल तर नाही. हॉस्पिटल कॅश पॉलिसी दाखल असलेल्या दिवसांचे पैसे देते. घरी पडून काढलेल्या महिन्यांचे नाही. गंभीर आजाराची पॉलिसी यादीतला आजार निघाला तर एकरकमी पैसे देते. कावीळ किंवा स्लिप डिस्क यादीत नसेल तर काही नाही. अपघात विमा आजाराला लागू होत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, म्हणून ती खूप घरांत आहे. तिच्यात अपघाती मृत्यूसाठी किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. बरे होणाऱ्या हाडासाठी ती नाही. २० रुपयांत यापेक्षा जास्त अपेक्षाही करू नये. पण तिच्या भरवशावर निर्धास्तही राहू नये.

आपल्या भाईंना जे हवे होते, त्याला विम्याच्या भाषेत 'तात्पुरते पूर्ण अपंगत्व' म्हणतात. अपघातामुळे काही आठवडे काम करता येत नसेल तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांसाठी 'सरल सुरक्षा बीमा' ही एकसारखी अपघात पॉलिसी सुरू करायला लावली. तिच्यातही हा लाभ मूळ संरक्षणात नाही. तो वेगळा मागून, वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो आणि तो विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला असा असतो. १० लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला २,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठ हजार. आपल्या वहीतील १८,००० च्या गरजेला हे अर्धेही नाही. उरलेले बचतीतून, हे आधी कळलेले बरे.

सांगणारा कोणाचा माणूस आहे?

विमा विकणारे सगळे सारखे नसतात. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याला साधारणपणे एकाच जीवन विमा कंपनीचे, एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि एकाच आरोग्य विमा कंपनीचे काम करता येते. म्हणून त्याच्या पिशवीत जे आहे तेच तो दाखवणार. बँकेला प्रत्येक प्रकारात नऊ कंपन्यांपर्यंत जोडणी करता येते. तरी काउंटरवरचा माणूस उद्या दुसऱ्या शाखेत असतो. ब्रोकरकडे नियामकाचा परवाना असतो, तो अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवू शकतो आणि कायद्याने तो ग्राहकाच्या बाजूचा मानला जातो. तरी एजंट, बँक आणि ब्रोकर या तिघांनाही मोबदला विमा कंपनीकडून मिळतो. थेट आपल्याकडून फी घेऊन सल्ला देणारे थोडे आहेत.

दलालीची कमाई प्रामाणिक असेल तर तिच्यात गैर काही नाही. मात्र बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीचा हप्ता मोठा असतो आणि त्यावर विकणाऱ्याला मिळणारी रक्कमही मोठी असते. आठवड्याच्या लाभाची छोटी अपघात पॉलिसी विकून त्याला फारसे काही सुटत नाही. आपण मागितल्याशिवाय ती समोर येत नाही, याचे हे एक साधे कारण आहे.

माणूस पारखायला चार प्रश्न पुरतात. परवाना दाखवाल का? ही पॉलिसी कोणत्या वेळी पैसे देणार *नाही*? गेल्या वर्षी तुम्ही कोणाच्या दाव्याला मदत केली, त्यांच्याशी बोलता येईल का? आणि आताचे बोलणे लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर जो हसून विषय बदलतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. "माझ्या कमिशनमधले अर्धे तुम्हाला परत देतो," असे कोणी म्हणाला तर तिथेच थांबावे. विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने अशी सूट देण्यास मनाई आहे. कायदा मोडून ग्राहक मिळवणारा माणूस आपल्या दाव्याच्या वेळी काय करील, याचा विचार करावा.

ज्याला पॉलिसीची भाषा वाचता येते, ज्याची नोकरी साधी आहे, आजार नाहीत, त्याने स्वतः घ्यायला हरकत नाही. ज्याचे काम जोखमीचे आहे, उत्पन्न अनियमित आहे, आयकर विवरणपत्र नाही किंवा साखर-रक्तदाब आहे, त्याने जाणकार माणूस सोबत घ्यावा.

अर्ज आपल्या हाताने

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार कसे असावेत, एवढ्या बारकाईने तिथे सांगितले आहे. आणि आपण मात्र कोऱ्या अर्जावर सही करून म्हणतो, "बाकीचे तुम्हीच भरा!"

व्यवसायाच्या रकान्यात 'एसी मेकॅनिक, उंचीवर काम' असे असेल तर तसेच लिहावे. हप्ता वाढेल, वाढू द्यावा. जुने ऑपरेशन, तंबाखू, साखर, सगळे सांगावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे आपण अनुयायी. विकणाऱ्याने दोष लपवू नये, तसा विमा घेणाऱ्यानेही लपवू नये.

सही मराठीत किंवा उर्दूत असेल आणि अर्ज इंग्रजीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे एक निवेदन अर्जासोबत असते. खरोखर समजल्याशिवाय त्यावर सही करू नये. आरोग्य आणि अपघात विम्याचे थोडक्यात माहितीपत्रक मराठीत मागता येते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत पसंत नसेल तर परत करता येते. वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसी सोडून जीवन आणि आरोग्य विम्याला ही सवलत आहे. ते ३० दिवस कागद वाचण्यासाठीच आहेत.

आणि शरीअतचे काय?

हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्याला नाजायज ठरवले आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा हा त्याचा पर्याय सांगितला. मलेशियाने १९८४ मध्येच तकाफुलचा कायदा केला होता. भारतात मात्र तकाफुल कंपनीला परवाना नाही. आपल्या देशातील उलेमांची मते एक नाहीत; काही जण गरजेपोटी सवलत देतात, काही देत नाहीत. यावर निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. आपल्या विश्वासाच्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, पण विचारताना पॉलिसीचा कागद सोबत न्यावा. ती फक्त संरक्षणाची आहे की बचत आणि बोनसची, सक्तीची आहे की स्वखुशीची, हे कळल्याशिवाय त्यांनी तरी काय सांगावे?

विमा न घेण्याचे ठरले तरी वहीतला हिशोब सुटत नाही. आधी ऊंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण दोन्ही घरांना लागू आहे. अशा घरांनी बचत सहा महिन्यांची करावी आणि मोहल्ल्याच्या बैतुलमालमध्ये केवळ उपचारासाठीच नव्हे, तर बंद पडलेल्या कमाईसाठीही तरतूद असावी, असा विषय जमातीच्या बैठकीत मांडावा.

दावा नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. नियामकाचा तक्रारीचा क्रमांक १५५२५५ आहे.

भाई आता कामावर आहेत. त्यांनी नव्या पॉलिसीचा अर्ज आणला, तेव्हा भाभी शेजारी बसल्या आणि एकेक रकाना मोठ्याने वाचून घेतला. पॉलिसीची एक प्रत आता भाभींच्या डब्यात असते आणि कोणाला फोन करायचा ते त्यावर पेनाने लिहिलेले आहे. बांगड्या अजून यायच्या आहेत. इन्शाअल्लाह, येतील.