वासोट्यावर रात्री मुक्काम का करू देत नाहीत?

थंडी सुरू झाली की वासोट्याचे रील्स दिसायला लागतात. शिवसागर जलाशयातली बोट, दाट जंगल आणि बाबू कड्यावरून खोल दरीकडे पाहणारी पोरं. खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो : "वर टेंट लावता येतो का?"

उत्तर सरळ आहे : नाही. पण का नाही?

वासोटा नेमका आहे कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, कोयना अभयारण्यात. सातारा जिल्ह्यातलं कोयना आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवरचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर आहे. कोयना आणि चांदोली ही दोन्ही जंगलं 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहेत.

म्हणजे वासोट्याला जाताना तुम्ही किल्ल्यावर तर जाताच, पण त्याआधी वाघाच्या राखीव जंगलात शिरता. किल्ल्याचं दुसरं नावच व्याघ्रगड आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात कुणालाही मनाला येईल तसं शिरता येत नाही. कलम 28 नुसार पर्यटन, अभ्यास, छायाचित्रण अशा कारणांसाठी परवानगी मिळते. बामणोलीत वन विभागाकडून घेतो तो कागद म्हणजे हीच परवानगी, आणि ती दिवसापुरती असते. कोकणातून चोरवण्याकडूनही नागेश्वराला वाट चढते. वाट कुठलीही असो, अभयारण्यात शिरायला परवानगी लागतेच.

शेकोटीचं काय? कलम 30 नुसार अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. हिवाळ्यानंतर गवत वाळतं, तेव्हा एक ठिणगी पुरते.

पण एका रात्रीनं काय बिघडतं?

वाघ, बिबट्या, अस्वल आणि गवा हे प्राणी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त फिरतात. त्याच वेळी पाणवठ्याजवळ माणसं, टॉर्च आणि स्पीकर असतील, तर ते ती जागा टाळतात. अस्वल किंवा गवा अंधारात अचानक समोर आला, तर धोका माणसालाच.

या जंगलात वाघ मोजकेच आहेत. संख्या वाढावी म्हणून ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला केंद्रानं परवानगी दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. नवख्या वाघिणीला इथं आपला इलाखा ठरवायचा असेल, तर आधी शांतता हवी.

दुसरं कारण मदतीचं. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला बोटीनं साधारण दीड तास लागतो. वर चढायला आणखी दोन-तीन तास. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. रात्री कुणाचा पाय मोडला, तर त्याला आधी खाली आणायचं आणि मग पाणी ओलांडायचं. म्हणूनच बोटवाले दुपारनंतर घाई करतात.

ही शांतता आली कुठून?

हे रीलमध्ये दिसत नाही. 1960 च्या दशकात कोयना धरण झालं आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. पुढे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानासाठी आणखी गावं उठली. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली आता नावापुरतं उरलंय. विस्थापितांनी जमिनीसाठी अनेक वर्षं आंदोलनं केली. ज्यांचं घर इथं होतं, त्यांना इथून निघावं लागलं. मग आपल्याला एक रात्र मिळत नाही, ही तक्रार फारच लहान वाटते.

जायचं असेल तर

• पावसाळ्यात वासोटा बंद असतो. हंगाम साधारण ऑक्टोबरनंतर सुरू होतो. निघण्याआधी वन विभागाकडे खात्री करा.
• ओळखपत्र ठेवा. पहिली बोट पकडायची तर पहाटे सातारा सोडा. बामणोली साताऱ्याहून कासमार्गे सुमारे 35 किलोमीटर आहे.
• बॅगेतल्या प्लास्टिकची पायथ्याला तपासणी होते. सोबत नेलेली प्रत्येक बाटली आणि पाकीट परत आणा.
• वाट सोडू नका, स्पीकर नेऊ नका, परतीची वेळ चुकवू नका.
• सांगलीकडून चांदोलीला शिराळा तालुक्यातल्या मणदूर बाजूनं जाता येतं. पण तिथं वासोट्यासारखं पायी फिरता येईल असं गृहीत धरू नका. काय खुलं आहे, ते आधी विचारा.

रील तर दिवसाउजेडीच चांगला येतो. रात्र ज्यांची आहे, त्यांच्यासाठी सोडा.